अटक झाली, सुटलाही, मग पुढे काय? अमेरिकेतल्या काउंटी कोर्टात क्रिमिनल केस कशी सरकते

हल्ली ग्रुपवर अमेरिकन पोलिसांच्या बॉडीकॅमचे व्हिडिओ फार यायला लागलेत. मोठ्या स्टोअरमधून बिल न करता सामान घेऊन निघालेलं कुणीतरी आपल्याकडचं, मग पोलीस, मग "मी आत्ता पैसे भरते ना, जाऊ द्या" अशी गयावया, आणि शेवटी बेड्या. जुलै २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या भारतातल्या दूतावासाने जाहीरच सांगितलं की तिकडे मारहाण, चोरी, घरफोडी असलं काही केलंत तर व्हिसा जाऊ शकतो आणि पुढे परत मिळायचेही वांधे होऊ शकतात. व्हिडिओ बेड्यांवर संपतो, आणि खाली कमेंटमध्ये लोक आपापल्या मनाने पुढची गोष्ट लिहितात. कुणी म्हणतं दहा वर्षं आत गेली असणार, कुणी म्हणतं दुसऱ्या दिवशी सुटली म्हणजे काहीतरी सेटिंग झालं. बहुतेक वेळा दोन्ही चूक.

पुढचं सगळं घडतं काउंटी कोर्टात, आणि ते इतकं कंटाळवाणं असतं की त्याचा व्हिडिओ कुणी बघणार नाही. पण माणसाचं काय होणार हे तिथेच ठरतं, आणि तेही आपल्याला वाटतं तसं न्यायाधीशासमोर जोरदार युक्तिवाद होऊन वगैरे ठरत नाही. मी वकील नाही. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग) बरीच वर्षं राहतोय, ज्युरी ड्युटीला (खटल्यात दोषी की निर्दोष ठरवणारी सामान्य नागरिकांची ज्युरी, तिच्यासाठीचं बोलावणं) जाऊन आलोय, ओळखीतल्या एकदोन भानगडी जवळून बघितल्यात आणि त्या निमित्ताने बरंच वाचलंय, तेवढ्या शिदोरीवर लिहितोय. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे फौजदारी कायदे वेगळे, त्यामुळे मी कॅलिफोर्निया धरून चालतो. बाकी राज्यांत काय वेगळं ते शेवटाकडे थोडक्यात.

काउंटी म्हणजे नेमकं काय

साधारण आपला जिल्हा. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत. लॉस एंजेलिस काउंटीत जवळपास एक कोटी माणूस राहतो आणि डोंगरातल्या अल्पाइन काउंटीत जेमतेम हजार-बाराशे, तरी दोघांनाही स्वतःचं कोर्ट आहे. आपली मंडळी जास्त करून सांता क्लारा काउंटीत (सॅन होजे, सनीवेल, कूपरटिनो) नाहीतर अलामेडा काउंटीत (फ्रीमाँट). गुन्हा ज्या काउंटीत घडला तिथल्या कोर्टात केस चालते, तुम्ही राहता कुठे याला महत्त्व नाही.

या कोर्टाला सुपिरियर कोर्ट म्हणतात. नावावरून ते वरचं कोर्ट वाटतं पण आहे सगळ्यात खालचं, केस सुरू होते ती इथेच. पूर्वी छोट्या गुन्ह्यांचं कोर्ट वेगळं असायचं, १९९८ मध्ये मतदारांनी एकत्रीकरणाला मान्यता दिली आणि २००१ पर्यंत सगळ्या काउंट्यांमध्ये एकच कोर्ट झालं. म्हणजे दुकानातली चोरी आणि खून, दोन्ही एकाच कोर्टात, फक्त खोल्या वेगळ्या.

आपल्या जिल्ह्यापेक्षा मोठा फरक असा की इथे कलेक्टर, एसपी असं वरून नेमून आलेलं कुणी नाही. तुरुंग चालवणारा शेरीफ निवडून येतो, सुपिरियर कोर्टाचे न्यायाधीश सहा वर्षांनी मतदारांसमोर जातात, आणि सरकारी वकिलांचा प्रमुख, डिस्ट्रिक्ट ॲटर्नी ज्याला सगळे डीए म्हणतात, तोही निवडून येतो. कमला हॅरिस २००४ पासून काही वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या डीए होत्या, त्यांचं राजकारण तिथूनच सुरू झालं. डीए जमला नाही तर लोक मुदतीच्या आधी घरीही बसवतात, सॅन फ्रान्सिस्कोत २०२२ मध्ये आणि अलामेडात २०२४ मध्ये तसं झालंच. हा डीए नीट लक्षात ठेवा. या सगळ्या कहाणीत सगळ्यात वजनदार माणूस तोच आहे, न्यायाधीशापेक्षाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टोअरने तक्रार मागे घेतली की संपलं ना?

नाही. हा पहिला आणि सगळ्यात मोठा गैरसमज.

पोलिसांचं काम अटक करून रिपोर्ट लिहिण्यापुरतं. केस करायची की नाही आणि कुठल्या कलमाखाली, हे डीएच्या ऑफिसातला वकील ठरवतो (पुढे त्यालाही मी डीएच म्हणतो). पुरावा कमी वाटला तर तो सोडूनही देतो. पण त्याने केस घातली की कागदावर नाव येतं "पीपल ऑफ द स्टेट ऑफ कॅलिफोर्निया विरुद्ध अमुक तमुक". म्हणजे फिर्यादी स्टोअर नाही, बायको नाही, शेजारी नाही, तर राज्याची जनता. ज्याच्यावर गुन्हा झाला तो कागदोपत्री फक्त साक्षीदार.

याचा फटका सगळ्यात जास्त नवरा-बायकोच्या भांडणात बसतो. रात्री वाद झाला, धक्काबुक्की झाली, घाबरून बायकोने ९११ ला, म्हणजे तिथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. तिची कल्पना अशी की पोलीस येतील, दम देतील आणि जातील. पण अंगावर वळ किंवा ओरखडा दिसला की पोलीस सहसा कुणा ना कुणाला घेऊनच जातात. दुसऱ्या दिवशी राग उतरतो आणि ती म्हणते, मला केस नाही करायची. तोपर्यंत ते तिच्या हातात राहिलेलं नसतं. उलट कोर्ट बहुतेक वेळा प्रोटेक्टिव्ह ऑर्डर काढतं, म्हणजे नवऱ्याने तिच्यापासून लांब राहायचं, कित्येकदा स्वतःच्या घरातही पाऊल टाकायचं नाही, आणि तिने "ये रे घरी" असा मेसेज केला म्हणून तो गेला तरी ऑर्डर मोडल्याचा नवा गुन्हा त्याच्यावर. २००८ मध्ये मतदारांनी पीडितांचे हक्क राज्यघटनेत घातले, त्यामुळे तिला तारखा कळवायला लागतात आणि शिक्षेच्या वेळी तिचं म्हणणं ऐकून घ्यायला लागतं. केस मागे घ्यायचा हक्क मात्र त्यात नाही.

हे जाचक आहे का? काही घरांत नक्कीच होतं. पण केस मागे घ्यायचं बायकोच्या हातात दिलं तर घरातले, सासरचे, भारतातून फोन करणारे सगळे मिळून तिच्यावर कसला दबाव आणतील हे आपल्याला कुणी शिकवायला नको, त्यामुळे हा नियम का आहे ते मला तरी समजतं.

पहिले ४८ तास

गुन्ह्यांच्या तीन पायऱ्या आहेत. इन्फ्रॅक्शन म्हणजे सिग्नल तोडणं वगैरे, फक्त दंड. मिसडिमीनर म्हणजे मधला गुन्हा, जास्तीत जास्त ३६४ दिवस काउंटीच्या जेलमध्ये. आणि फेलनी म्हणजे गंभीर, ज्यात राज्याच्या तुरुंगात वर्षानुवर्षं जाऊ शकतात. काही कलमं अशी आहेत की डीए ती दोन्हींपैकी कशातही घालू शकतो, नवरा-बायकोच्या मारहाणीचं मुख्य कलम त्यातलंच. चोरीत साधारण ९५० डॉलरची रेघ आहे, त्याच्या आत असेल तर मिसडिमीनर. हे २०१४ पासून आहे, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी ते कडक केलं आणि आधी दोन चोऱ्यांच्या शिक्षा झालेल्या असतील तर तिसरी छोटी चोरीसुद्धा आता फेलनी होऊ शकते.

मिसडिमीनरमध्ये बऱ्याचदा पोलीस तारखेची चिठ्ठी देतात, सही घेतात आणि सोडतात. म्हणून तो "दुसऱ्या दिवशी सुटली" वाला प्रकार. सुटली म्हणजे केस संपली असं अजिबात नाही, फक्त घरी राहून तारखेला हजर व्हायचं. ती तारीख चुकवली तर मात्र न्यायाधीश वॉरंट काढतो आणि मग तीन वर्षांनी एअरपोर्टवर पंचाईत.

आत ठेवलं असेल तर ४८ तासांत न्यायाधीशासमोर उभं करायला लागतं. आपल्याकडे हीच मुदत २४ तासांची आहे. शिवाय इथे रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत, त्यामुळे शुक्रवारी रात्री उचललं तर सोमवार किंवा मंगळवारही उजाडतो. मधल्या काळात बेल म्हणजे जामिनाची रक्कम भरून सुटता येतं. कुठल्या गुन्ह्याला किती, याचा तक्ताच प्रत्येक काउंटीने करून ठेवलेला असतो. समजा २०,००० डॉलर आहे. सगळे भरलेत आणि तारखांना हजर राहिलात तर शेवटी परत मिळतात, पण एवढे रोख कुणाकडे असतात, म्हणून लोक बेल बाँडवाल्याकडे जातात, तो साधारण दहा टक्के घेतो आणि ते २,००० डॉलर कायमचे गेले, भले मग पुढे केस घातलीच गेली नाही तरी. हा धंदा मला कधीच पटलेला नाही. २०२० मध्ये पैशाची बेल बंद करायचा प्रस्ताव मतदारांसमोर आला होता, त्यांनी तो फेटाळला. २०२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एवढं केलं की रक्कम ठरवताना माणसाची ऐपत बघायची, निव्वळ पैसे नाहीत म्हणून आत ठेवायचं नाही. पुष्कळ जणांना न्यायाधीश नुसत्या हमीवरही सोडतात.

पोलिसांनी राइट्स वाचलेच नाहीत, मग केस उडणार?

टीव्हीची कृपा. "तुम्हाला गप्प बसायचा हक्क आहे" हे वाक्य १९६६ च्या मिरांडा निकालातून आलं, पण पोलिसांना ते तेव्हाच म्हणायला लागतं जेव्हा माणूस त्यांच्या ताब्यात आहे आणि ते त्याला प्रश्न विचारतायत. नाही म्हटलं तर त्या उत्तरांचा मुख्य पुरावा म्हणून वापर करता येत नाही, एवढंच. केस आपोआप उडत नाही, बाकीचा पुरावा जागेवर असतो.

आणि न विचारता आपणहून जे बोलतो ते सगळं वापरता येतं. त्या व्हिडिओतलं "मी आत्ता पैसे भरते, चूक झाली" हे आपल्याला माफी मागणं वाटतं, आपली सवयच ती, मोठ्या माणसासमोर नमतं घ्यायचं. डीएला तो कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालेला कबुलीजबाब वाटतो. नाव-पत्ता सांगावा, अंगावर जाऊ नये, पळू नये, आणि "वकिलाशी बोलल्याशिवाय मी काही बोलणार नाही" म्हणून खरंच गप्प बसावं. हे उद्धटपणाचं वाटतं पण इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. परदेशी नागरिकाला आपल्या कॉन्सुलेटला कळवायला सांगायचाही हक्क असतो. मागितलं तर कळवतात.

गुन्हा केलाय तरी "नॉट गिल्टी" म्हणायचं?

कोर्टातली पहिली हजेरी म्हणजे अरेनमेंट. बाहेर गर्दी, आत एकामागून एक नावं पुकारतात, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. आरोप सांगतात, वकील आहे का विचारतात, पुढची तारीख देतात. तिथे जवळजवळ सगळेच "नॉट गिल्टी" म्हणतात आणि भारतातून व्हिडिओ कॉलवर केस समजून घेणाऱ्या आईवडिलांना धक्का बसतो की कोर्टात धडधडीत खोटं बोलायला सांगतो हा वकील. तसं नाही. ही शपथेवर दिलेली साक्ष नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की सरकारने सिद्ध करावं. अजून तुमच्या वकिलाने पोलिसांचा रिपोर्ट आणि व्हिडिओसुद्धा पाहिलेला नसतो, मग त्या दिवशी कबूल करणार तरी कशाच्या जोरावर?

वकील परवडत नसेल तर सरकार देतं. याच्यामागे १९६३ ची एक भारी केस आहे. फ्लोरिडात क्लॅरन्स गिडियन नावाच्या गरीब माणसावर एका पूल रूममध्ये चोरी केल्याचा आरोप होता, त्याने वकील मागितला, मिळाला नाही, स्वतःच केस लढला आणि पाच वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला. तिथून त्याने पेन्सिलने लिहून थेट सुप्रीम कोर्टाला अर्ज धाडला आणि कोर्टाने सगळ्या राज्यांना बजावलं की गंभीर गुन्ह्यात गरीब आरोपीला वकील द्यायलाच हवा. पुन्हा खटला चालला, या वेळी वकील होता, आणि गिडियन निर्दोष सुटला. लॉस एंजेलिस काउंटीने तर त्याच्या कितीतरी आधी, १९१४ मध्येच पब्लिक डिफेंडरचं, म्हणजे गरीब आरोपींसाठीच्या सरकारी पगारी वकिलांचं, ऑफिस काढलं होतं, देशातलं पहिलं.

फुकटचा वकील म्हणजे सुमार, असं आपल्या लोकांना वाटतं. मला उलटं दिसलंय. पब्लिक डिफेंडर रोज त्याच कोर्टात उभा असतो, कुठला डीए कशावर नमतो आणि कुठला न्यायाधीश कशावर चिडतो हे त्याला तोंडपाठ. त्याची अडचण एकच, डोक्यावर केसेसचा ढीग. अर्थात चांगला पगार असलेल्या आयटीवाल्याला तो बहुधा मिळणारही नाही, त्याला खाजगीच करायला लागतो.

म्हणजे तारीख पे तारीख तिकडेही आहे?

आहे हो. फरक इतकाच की इथे घाई करायचा हक्क आरोपीच्या हातात आहे आणि बहुतेक वेळा तोच तो सोडतो.

कायदा सांगतो मिसडिमीनरचा खटला अरेनमेंटपासून ४५ दिवसांत सुरू व्हायला हवा, आरोपी आत असेल तर ३० दिवसांत. फेलनीत मधे आणखी एक पायरी असते, प्रिलिमिनरी हिअरिंग, बोलीभाषेत प्रिलिम. ती दहा कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवी. प्रिलिममध्ये ज्युरी नसते, न्यायाधीश एवढंच बघतो की खटला चालवण्याइतकं यात काही आहे का. पुरावा थोडका लागतो, आणि १९९० पासून तर पोलीस अधिकारीच येऊन "मला तिने असं असं सांगितलं" म्हणू शकतो, तिला स्वतःला यायची गरज नाही. त्यामुळे प्रिलिममध्ये हरलो म्हणजे केस हरलो असं कुणी समजू नये, तिथे बहुतेक आरोपी हरतातच. मग डीए रीतसर आरोपपत्र घालतो आणि तिथे पुन्हा हजेरी झाली की ६० दिवसांचं घड्याळ सुरू होतं.

कागदावर सगळं झरझर. प्रत्यक्षात आरोपीचा वकीलच पहिल्या-दुसऱ्या तारखेला "टाइम वेव्ह" करतो, म्हणजे ही मुदत आम्हाला नको म्हणतो. कारण त्याला पुरावा मागवायचा असतो. सरकारकडे जे जे आरोपीच्या बाजूचं असेल तेही डीएला द्यायलाच लागतं, १९६३ च्या ब्रेडी निकालापासून तसं बंधन आहे. मग व्हिडिओ यायचा, लॅबचा रिपोर्ट यायचा, झडती बेकायदा होती म्हणून अर्ज करायचा, आणि मुख्य म्हणजे डीएशी बोलणी करायची. तारखा पडतात त्या या सगळ्यासाठी. साक्षीदारांची आठवण पुसट होते, डीएचा जोर कमी होतो, हाही हिशोब असतो, तो कुणी मोठ्याने बोलत नाही इतकंच.

खरा निकाल कॉरिडॉरमध्ये

आता गाभ्याचं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका निकालात आकडा दिला होता की राज्यांच्या कोर्टांत जेवढे लोक दोषी ठरतात त्यातले ९४ टक्के खटला न चालता, स्वतः कबुली देऊन दोषी ठरतात. केंद्राच्या कोर्टांत ९७ टक्के. साक्षी, उलटतपासणी, ज्युरी, हे सगळं उरलेल्या मूठभरांसाठी.

याला प्ली बार्गेन म्हणतात. डीए म्हणतो तीन कलमं लावलीत, दोन काढतो, एकावर कबुली द्या. तुमचा वकील म्हणतो तेही कलम बदला, दुसरं हलकं लावा, आणि जेलऐवजी प्रोबेशन, म्हणजे बाहेर राहून कोर्टाच्या अटी पाळायच्या. चार तारखांना हे मागेपुढे होतं, कधी न्यायाधीशाच्या चेंबरमध्ये, कधी बाहेरच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन. आपल्याकडे लग्नात कसं असतं, देणं-घेणं, मानपान, खर्च कुणाचा, सगळं याद्या होतात तेव्हाच ठरतं आणि मांडवात फक्त अक्षता पडतात, तसंच हे. ज्या दिवशी आरोपी उभा राहून न्यायाधीशाला "गिल्टी" किंवा "नो कॉन्टेस्ट" (गुन्हा केला म्हणत नाही, पण लढतही नाही) म्हणतो तो दिवस अक्षतांचा. न्यायाधीश छापील प्रश्न विचारतो, कुणी जबरदस्ती केली का, कशाकशाचे हक्क सोडताय कळतंय का, आणि मान्य करतो. त्याला सौदा नाकारता येतो, पण फार क्वचित नाकारतो.

भारतात २००५ च्या दुरुस्तीने प्ली बार्गेनिंग आलंय, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे, पण आपल्या कोर्टांत ते फारसं रुजलेलं नाही. म्हणून भारतातून बघणाऱ्याला हा सगळा प्रकार तोडपाणी वाटतो. तोडपाणी नाही, उघड आणि रेकॉर्डवर असतं. मात्र न्याय आहे का, हा प्रश्न रास्त आहे. कारण डीए सुरुवातीलाच कलमं वाढवून लावू शकतो, आणि खटला हरलात तर सौद्यापेक्षा कितीतरी मोठी शिक्षा समोर दिसते. निर्दोष माणूसही विचार करतो की घरी जायला मिळतंय आज, कशाला जोखीम घ्या. जामिनाचे पैसे नसलेला माणूस तर फारच लवकर विचार करतो. मग सगळेच खटला मागायला लागले तर? कोर्ट आठवड्यात बंद पडेल, तेवढे न्यायाधीश नाहीत आणि तेवढी ज्युरीही नाही. सिस्टीम उभीच आहे लोकांनी कबुली द्यावी यावर, हे तिथले वकीलही खाजगीत मान्य करतात.

एक चांगला रस्ता म्हणजे डायव्हर्जन. २०२१ पासून बऱ्याच मिसडिमीनर केसेसमध्ये न्यायाधीश, डीएचा विरोध असला तरी, केस दोन वर्षांपर्यंत थांबवून ठेवू शकतो. क्लास करा, समाजसेवा करा, नुकसान भरून द्या, काही नवीन भानगड करू नका, आणि शेवटी केस रद्द. दारू पिऊन गाडी चालवणं आणि नवरा-बायकोची मारहाण यात हे मिळत नाही. दुकानातल्या पहिल्या चोरीत मिळू शकतं, वकिलाने मागायला हवं.

आणि खटला झालाच तर

बारा जणांची ज्युरी. मतदार यादी, ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून चिठ्ठी येते, फक्त नागरिकांनाच बसता येतं, ग्रीन कार्डवाल्याला नाही. मी गेलो होतो तेव्हा दिवसभर खुर्चीत बसून राहिलो, आणि प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मला पोलिसांवर कितपत विश्वास आहे ते विचारलं, उत्तर ऐकून बचावाच्या वकिलाने हसून घरी पाठवलं. दिवसाला १५ डॉलर मिळतात आणि तेही दुसऱ्या दिवसापासून.

बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं, दोषी ठरवायलाही आणि निर्दोष ठरवायलाही. एक जरी अडला तर ज्युरी फुटली, डीए वाटल्यास परत पहिल्यापासून. पण निर्दोष म्हटलं की विषय कायमचा संपला, सरकारला अपीलच नाही. आपल्याकडे हे पचत नाही कारण आपल्याकडे सुटकेविरुद्ध सरकार वर जाऊ शकतं. नानावटी केस आठवा, १९५९ मध्ये मुंबईत ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना पटलं नाही, त्यांनी हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. लॉस एंजेलिस काउंटीच्या कोर्टात ऑक्टोबर १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसन (घटस्फोटित बायको आणि तिच्या मित्राच्या खुनाचा आरोप असलेला नामवंत फुटबॉलपटू) सुटला तेव्हा अर्ध्या अमेरिकेला पटलं नव्हतं, तरी फौजदारी बाजूला कुणी काही करू शकलं नाही. १९९७ मध्ये दिवाणी दाव्यात त्याला कोट्यवधी डॉलरची भरपाई लागली, कारण तिथे सिद्ध करायची पातळी खालची असते. तुरुंग मात्र नाही.

व्हिसावाल्याचं गणित वेगळं

हा भाग नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

काउंटी कोर्टात जो सौदा उत्तम असतो तो इमिग्रेशनमध्ये घातक ठरू शकतो. नागरिक असलेला मित्र सांगेल, "अरे मी पण असंच कबूल करून मोकळा झालो, एक वर्ष प्रोबेशन, काही नाही झालं." त्याला नाहीच होणार. केंद्राच्या इमिग्रेशन कायद्यात दोषी असण्याची व्याख्याच वेगळी आहे. तुम्ही कबुली दिलीत आणि त्यावर कोर्टाने कुठलंही बंधन किंवा शिक्षा घातली की झालात दोषी, मग पुढे काउंटी कोर्टाने चांगल्या वागणुकीबद्दल ती केस पुसून टाकली तरी इमिग्रेशनच्या वहीत ती राहते. "नो कॉन्टेस्ट" म्हटलं तरी तेच. म्हणून वर सांगितलेल्या डायव्हर्जनमध्ये कबुली द्यायला लागत नाही ही फार मोठी गोष्ट आहे. चोरी हा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात धरतात, रक्कम कितीही छोटी असो. घरगुती हिंसाचाराच्या शिक्षेवरून तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं.

होसे पडिया नावाचा ट्रकवाला चाळीस वर्षांहून जास्त काळ कायदेशीरपणे अमेरिकेत राहत होता, व्हिएतनाममध्ये लढला होता. केंटकीत गांजा वाहून नेताना सापडला. वकील म्हणाला, इतकी वर्षं इथे आहेस, इमिग्रेशनची चिंता नको. त्या भरवशावर कबुली दिली आणि देशाबाहेर काढायची कारवाई सुरू झाली. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे. कॅलिफोर्नियाने पुढे जाऊन कायदा केला की सौदा करताना डीएनेही हा मुद्दा विचारात घ्यायचा. म्हणून पहिल्याच भेटीत वकिलाला व्हिसाचा प्रकार सांगा, लाज वाटून लपवू नका. वेगळ्या इमिग्रेशन वकिलाचाही सल्ला घ्या, तोही कबुली द्यायच्या आधी.

शिवाय व्हिसाचा स्टॅम्प रद्द करायला शिक्षा व्हायची वाटही बघत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खातं स्टॅम्प रद्द करू शकतं आणि करतं. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये तर हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) बंद झाल्या, त्यातल्या कित्येकांच्या केसेस कधीच्याच रद्द झालेल्या होत्या. कोर्टात दावे पडले तेव्हा सरकारने त्या परत चालू केल्या.

न्यू जर्सी, टेक्सासमध्येही असंच?

सांगाडा तोच, नावं आणि माणसं वेगळी. न्यू जर्सीत काउंटीचा प्रॉसिक्युटर निवडून येत नाही, गव्हर्नर नेमतो, आणि २०१७ पासून पैशाची बेल जवळपास नाहीशी झालीये. तिथे बारीकसारीक केसेस गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालतात आणि मोठ्या गुन्ह्यांना प्रिलिमऐवजी नागरिकांची ग्रँड ज्युरी लागते. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ मध्ये पैशाची बेल पूर्णच बंद केली, असं करणारं पहिलं राज्य. टेक्सासमध्ये काउंटी कोर्ट मिसडिमीनर बघतं आणि फेलनी डिस्ट्रिक्ट कोर्टात जातात. न्यूयॉर्कमध्ये तर फेलनी चालवणाऱ्या खालच्या कोर्टाचं नावच सुप्रीम कोर्ट आहे, त्यामुळे "आमच्या भाच्याची केस सुप्रीम कोर्टात गेली" ऐकून लगेच हादरू नका.

केस संपल्यावर एक कागद

केस रद्द झाली, सुटलात, रेकॉर्ड सील झालं, सगळं छान. तरी पुढच्या व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न असतो की तुम्हाला कधी अटक झाली होती का, आणि तिथे पुढे माफी वगैरे मिळाली असली तरी लिहायला लागतं. "केस तर रद्द झाली, कशाला लिहू" म्हणून "नाही" वर टिक करणारे त्या खोट्या उत्तरामुळे जास्त अडकतात, मूळ भानगड राहते बाजूला. त्यामुळे निकाल लागला की त्याच आठवड्यात काउंटी कोर्टाच्या क्लर्कच्या खिडकीवर जाऊन सही-शिक्क्याचं डिस्पोझिशन, म्हणजे केसचा शेवट काय झाला याची अधिकृत प्रत, दोन-तीन कॉप्या काढून घ्या. थोडी फी पडते. मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये काउंटरपलीकडचा अधिकारी "मग पुढे काय झालं?" विचारतो तेव्हा तोच कागद पुढे करायचा असतो.